साडूची फाइल

बाथरूमचा नळ पूर्ण सोडून चष्मेवाले आत फोनवर बोलत होते. आंघोळ केव्हाच उरकली होती. बोलणं बायकोच्या कानावर जाऊ नये म्हणून नळ, आणि नळामुळे पलीकडच्याला ऐकू जात नाही म्हणून ओरडणं, असा सगळा कारभार चालला होता. साहजिकच स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोला एक वाक्य अगदी स्वच्छ ऐकू आलं.

"काहीही करा, पण साडू मागे राहिला पाहिजे."

बायकोने गॅस बारीक केला, दोन क्षण विचार केला आणि पुन्हा मोठा केला. तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा आणि आपला नवरा यांच्यात वर्षातून एकदा, जीपवाल्यांच्या मेळाव्याच्या आठवड्यात, असं काहीतरी उपटतं हे तिला अनुभवाने ठाऊक होतं. टाकीतलं पाणी संपेल, एवढंच तिने दारावर टकटक करून सांगितलं.

फोनच्या पलीकडे लॅपटॉप होता. हे त्याचं टोपणनाव. पूर्वी तो टीव्ही दुरुस्त करायचा. लोकांनी टीव्ही दुरुस्त करून घेणं सोडलं तसा तो गाड्यांकडे वळला. हल्लीच्या गाडीत इंजिनाला डिझेल किती द्यायचं आणि केव्हा द्यायचं हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. लॅपटॉप त्याला वायर जोडायचा, आतली फाइल उतरवून घ्यायचा, घरी बसून तिच्यातले आकडे वरखाली करायचा आणि बदललेली फाइल पुन्हा गाडीत भरायचा. गाडी तीच, इंजिन तेच, पण अंगात आल्यासारखी पळायला लागायची. गिऱ्हाइकाचं नाव मात्र तो कुठेच लिहीत नसे. निम्मी गिऱ्हाइकं बायकोपासून लपून आलेली असत आणि उरलेली बापापासून. म्हणून फाइलला नाव द्यायचं ते गिऱ्हाइकाच्या मागणीचं; उद्या कुणी त्याचा लॅपटॉप उघडून पाहिला तरी बोंब नको. चष्मेवाल्यांचं बोलणं ऐकता ऐकता त्याने टाइप केलं, 'साडू मागे'.

चष्मेवाल्यांचं आपल्या साडूंशी वाकडं होतं, असं मात्र कुणी समजू नये. उलट, साडू इतका भला माणूस होता की त्याच्याशी वाकडं घ्यायचीसुद्धा सोय नव्हती. साडू दातांचे डॉक्टर. चष्मेवाल्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला आणि दुकानात गुडघाभर पाणी झालं, तेव्हा डॉक्टर पँट वर दुमडून आले आणि एकूण एक फ्रेम स्वतःच्या दवाखान्यात नेऊन त्यांनी वाळत घातली. पुढचे सहा महिने चष्मेवाल्यांचं दुकान डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये चाललं. आतून कुणी "आई गं" म्हणून ओरडलं की बाहेर डोळे तपासायला बसलेला माणूस तक्त्यावरची अक्षरं भराभर आणि बरोबर वाचायचा. पुढे चष्मेवाल्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर चार दिवस हॉस्पिटलच्या बाकावर बसून होते. अक्कलदाढ तर त्यांनी गप्पा मारता मारता काढली होती.

माणसाने किती उपकार सोसावेत यालाही काही सुमार आहे. त्यातून चष्मेवाले नात्याने थोरले साडू. थोरल्याने धाकट्याला हात द्यायचा, ही जगाची रीत. इथे सगळी गंगा उलटी वाहत होती. डॉक्टरांना चष्मादेखील लागत नव्हता, मग करावं तरी काय माणसाने?

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे तो दोर. दोघांकडे एकाच मॉडेलची जीप होती, कारण बहिणीबहिणींत एकीकडे आलेली वस्तू दुसरीकडे आल्याशिवाय राहत नाही. गावाबाहेरच्या टेकडीवर खडीचा एक चढ होता, तीन वळणांचा. मेळाव्याला येणारे सगळे एकेक करून तो चढायचे. डॉक्टर दरवर्षी वर पोचायचे आणि चष्मेवाले दरवर्षी तिसऱ्या वळणावर रुतायचे. मग डॉक्टर वरून दोर टाकायचे आणि हसत हसत त्यांना ओढून घ्यायचे. खाली उभे असलेले लोक टाळ्या वाजवायचे. त्या टाळ्या चष्मेवाल्यांना आठवडाभर कानात ऐकू यायच्या.

म्हणून त्यांनी यंदा ठरवलं होतं. आपण वर पोचायचं, साडू मागे राहायचा, आणि दोर आपण टाकायचा. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, त्या माणसाच्या तोंडून ऐकायचं, की साडूभाऊ, बरं झालं तुम्ही होतात. एवढं एक वाक्य ऐकलं असतं तर चष्मेवाले पुढची पंधरा वर्षं आनंदाने रुतायला तयार होते.

गुरुवारी दुकान मदतनिसावर टाकून ते जीप लॅपटॉपच्या अंगणात ठेवून आले. मोबदल्यात लॅपटॉपला जवळचं वाचायचा चष्मा हवा होता. तोही त्यांनी स्वतः नंबर काढून आदल्या दिवशीच पोचवला होता. मात्र तो चष्मा लॅपटॉपच्या आईच्या हातात पडला, तिला फार आवडला, आणि तो तिच्याच नाकावर राहिला. त्यामुळे लॅपटॉप पूर्वीसारखाच पडदा हातभर लांब धरून काम करत राहिला.

शनिवारी सकाळी नऊला चष्मेवाले गाडी न्यायला गेले. लॅपटॉप आत कुणाशी तरी फोनवर बोलत होता. त्याने खिडकीतून विचारलं, "तुम्ही साडूवाले ना?" चष्मेवाल्यांनी मान हलवली. अंगणात येऊन त्याने वायर जोडली, पडदा लांब धरून डोळे बारीक केले, एका फाइलवर बोट ठेवलं आणि ती गाडीत भरली. आज मुळीच दाबू नका, गाडीला नव्या आकड्यांची सवय होऊ द्या, काय ते उद्या चढावर, असं त्याने बजावून सांगितलं. चष्मेवाले शाळेतल्या आज्ञाधारक मुलासारखे गाडी चालवत घरी आले. रात्री त्यांना झोपेत हसताना बायकोने पाहिलं.

रविवारी टेकडीखाली पंचवीसएक जीपा जमल्या होत्या. नंबर डॉक्टरांचा आधी होता. जीपमध्ये चढताना ते चष्मेवाल्यांजवळ आले आणि आज काही आपलं खरं नाही, गाडी जरा आजारीच वाटतेय, असं फारच मोठ्याने म्हणाले. चष्मेवाल्यांना आतून गुदगुल्या झाल्या. लॅपटॉप गर्दीत उभा होता. त्याच्याकडे पाहून त्यांनी हळूच डोळा मारला. लॅपटॉपनेही मारला, पण तो दोघांच्या मधोमध कुठेतरी गेला.

डॉक्टरांची जीप निघाली, म्हणजे सुटलीच. पहिलं वळण, दुसरं वळण, तिसरं वळण; मागे नुसती खडी उडत होती. आजवर कुणी पाहिलं नव्हतं असल्या वेगाने ती माथ्यावर गेली आणि माथ्यापलीकडे दिसेनाशी झाली. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या गडबडीत पलीकडून 'धप्प' असा आवाज आला, तो फक्त चष्मेवाल्यांनी ऐकला, आणि त्यांनाही वाटलं की आपल्याच काळजाचा असावा.

पण अजून बाजी हातची गेली नव्हती. ते जीपमध्ये बसले, देवाचं नाव घेतलं आणि पाय दाबला. जीपने जरासा विचार केल्यासारखं केलं आणि ती हळू चालायला लागली. त्यांनी आणखी दाबला. जीप तशीच. शेवटी पाय पार तळाशी टेकला तरी गाडी आपली संथपणे, तब्येतीला जपत चढत होती. पहिल्या वळणावर एक कुत्रं त्यांच्या पुढे गेलं. दुसऱ्या वळणावर चष्मेवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लॅपटॉपने दगा दिला, साडू आभाळात गेला, आणि आता तिसऱ्या वळणावर सगळ्यांसमक्ष शोभा. त्यांनी दात आवळले. तिसरं वळण आलं आणि मागे गेलं.

चाकं गरगरा फिरलीच नाहीत. इतकी वर्षं चष्मेवाले तिथे रुतायचे ते पॉवर कमी पडून नव्हे. घाबरून पाय गच्च दाबायचे, चाकं जागच्या जागी फिरायची आणि खडीत खड्डा करून बसायची. यंदा फिरायला ताकदच नव्हती. जीप पाऊल पाऊल टाकत वर गेली. खाली कुणीतरी ओरडलं, की चष्मेवाले पोचले. चष्मेवाल्यांना स्वतःलाच ते खरं वाटेना.

माथ्यावर पोचून त्यांनी पलीकडे पाहिलं. खाली शेताचं पाणी साठून झालेलं डबकं होतं. त्याच्या मधोमध डॉक्टरांची जीप दारापर्यंत चिखलात बसली होती आणि बॉनेटवर, हातात बूट घेऊन, डॉक्टर उभे होते.

चष्मेवाल्यांनी मनातल्या मनात देवाला हात जोडले. मागायला गेलो एक आणि देणाऱ्याने दिले दोन. त्यांनी जीप उलटी घेत डबक्याच्या काठापर्यंत नेली आणि दोर टाका, असं शक्य तितक्या साध्या आवाजात सांगितलं. डॉक्टरांनी दोर टाकला. चष्मेवाल्यांनी तो स्वतःच्या हाताने हुकात अडकवला, दोनदा ओढून पाहिला, गाडीत बसले आणि पाय दाबला. जीप गुरगुरली आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदा तर गुरगुरलीही नाही. पंधरा वर्षांनी उपकार करायची संधी चालून आली होती आणि गाडीत उपकार करण्याइतका जीव नव्हता.

तेवढ्यात लॅपटॉप धापा टाकत टेकडी चढून आला. खालून दोन्ही जीपा पाहताना त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. तो दोघांच्या मध्ये उभा राहिला आणि कुणाकडे पाहावं हे न कळून दोराकडे पाहत म्हणाला, "एक घोळ झालाय काका. साडूची फाइल साडूला गेली."

"कुठल्या साडूची?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"ज्यांना साडू पुढे जायला हवा होता, त्या साडूंची."

"अहो, पण मला तर साडू मागे राहायला हवा होता."

बोलून गेल्यावर चष्मेवाल्यांनी जीभ चावली.

"आणि मला पुढे," बॉनेटवरून डॉक्टर म्हणाले.

मग लॅपटॉपने सगळं सांगितलं. दोन गिऱ्हाइकं, मागणी दोघांचीही फोनवरची, दोघांच्या तोंडी सारखं साडू साडू. एक म्हणाला साडू मागे राहिला पाहिजे, म्हणजे माझी पॉवर वाढवा. दुसरा म्हणाला साडू पुढे गेला पाहिजे, म्हणजे माझी पॉवर उतरवा. फाइलींची नावं पडली 'साडू मागे' आणि 'साडू पुढे'. शनिवारी चष्मेवाले आले तेव्हा तो आपल्या मनाशी म्हणाला, हे साडू. यांना पुढे जायचंय. त्यांना दिली 'साडू पुढे'. दुपारी डॉक्टर आले. हे मागे राहणारे. त्यांना 'साडू मागे'. दोघेही एकमेकांचे साडू असतील हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानीमनीही आलं नाही.

"म्हणजे तुम्ही मला जिंकू देणार होतात," चष्मेवाले म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. हरण्यापेक्षा हे वाईट होतं.

डॉक्टर काही बोलणार तोच लॅपटॉपने हात वर केला. चष्मेवाल्यांच्या गाडीत त्यांची खरी फाइल आत्ता, इथेच भरू, मग डॉक्टरांची गाडी चुटकीसरशी निघेल, असं तो म्हणाला. फक्त वीस मिनिटं लागतील. तोवर चावी चालू, इंजिन बंद, पंखा नाही, रेडिओ नाही, आणि दार तर अजिबात उघडायचं नाही; दार उघडलं की आतला दिवा लागतो, बॅटरी खाली बसते आणि फाइल अर्धवट राहिली की गाडी कायमची मुकी. डॉक्टर चिखलातून चालत आले आणि पाय झटकून शेजारच्या सीटवर बसले. दारं बंद झाली. लॅपटॉपने वायर खिडकीतून आत सोडली आणि आपला लॅपटॉप मांडीवर घेऊन तो बाहेर दगडावर बसला.

वीस मिनिटं दोन साडू एका बंद जीपमध्ये. पहिली सहा मिनिटं दोघं काचेतून समोरची टेकडी बघत होते.

"दया नव्हती हो," डॉक्टर शेवटी म्हणाले. "दरवर्षी मी तुम्हाला ओढतो आणि दरवर्षी रात्री चौघं जेवायला जाताना तुम्ही माझ्याशी बोलत नाही. बायका मागे बसून गप्पा मारतात आणि आपण दोघं रस्ता बघतो. म्हटलं, एक वर्ष तरी बोलत जाऊ."

चष्मेवाल्यांनी काच पुसली. ती बाहेरून खराब होती, तरी आतून पुसली. मग त्यांनी जे पंधरा वर्षं पोटात ठेवलं होतं ते बाहेर काढलं. ते पाण्यात भिजलेलं दुकान, ते सहा महिने, हॉस्पिटलचं बाक, अक्कलदाढ. प्रत्येक वेळी आभार मानायचे होते आणि प्रत्येक वेळी तोंडाशी येऊन अडकले होते, कारण एकदा मानले की आपण घेणारेच ठरणार, असं वाटायचं. "आता मानतो," ते म्हणाले, "सगळ्याचे एकदम. तुम्ही नसतात तर माझं दुकान त्याच वर्षी बुडालं असतं."

डॉक्टर चमत्कारिक नजरेने त्यांच्याकडे बघायला लागले. "तुम्हाला खरंच आठवत नाही?"

"काय?"

"माझा दवाखाना सुरू झाला तेव्हा चार महिने मी एकटाच खुर्चीत बसायचो. पेशंटच्या खुर्चीत. मग एकेक जण यायला लागले. सगळे सांगायचे, चष्मेवाल्यांनी पाठवलंय. पहिल्या वर्षीच्या माझ्या एकूण एक पेशंटच्या नाकावर तुमचा चष्मा होता."

चष्मेवाल्यांना खरोखरच आठवत नव्हतं. नंबर काढताना माणसाचं तोंड चार बोटांवर येतं. कीड दिसते, वास येतो. माझे साडू आहेत, दाखवून या, असं ते सहज म्हणून जायचे. हा उपकार असू शकतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"मी दवाखाना बंद करायच्या बेतात होतो," डॉक्टर म्हणाले. "हिलाही सांगितलं नव्हतं. तुमच्यामुळे टिकलो. तेव्हापासून काही ना काही करून फेडायला बघतोय, तर तुम्ही घुश्शात. म्हटलं, साडूभाऊंना माझं काहीच पसंत पडत नाही."

चष्मेवाल्यांचा हात रुमालाकडे गेला. रुमाल खिशात होता, पण दाराच्या बाजूच्या, आणि दाराला धक्का लागू द्यायचा नव्हता. डॉक्टरांनी आपला दिला. तो चिखलाने भरलेला होता. तरी त्यांनी डोळ्यांना लावला आणि त्यांना फार बरं वाटलं. बाहेरून लॅपटॉपने हाक मारून फाइल भरून झाल्याचं सांगितलं तेव्हा दोघांनाही ते जरा लवकरच झालं असं वाटलं.

डॉक्टर उतरून बाजूला उभे राहिले. चष्मेवाल्यांनी जीप चालू केली आणि आनंदाच्या भरात, जन्मभराच्या सवयीने, पाय गच्च दाबला. आता गाडीत खरी ताकद होती. चारही चाकं जागच्या जागी अशी काही फिरली, की चिखलाचं कारंजं उडालं, काठ ढासळला आणि जीप मागे घसरत डबक्यात, डॉक्टरांच्या जीपशेजारी जाऊन बसली. दोघींची दारं एकमेकींना लागली.

चष्मेवाले खिडकीतून डोकं बाहेर काढून डॉक्टरांकडे पाहत राहिले. डॉक्टर हसायला लागले. मग चष्मेवालेही. दोघं इतके हसले, की लॅपटॉपला काळजी वाटायला लागली आणि तो मदत शोधायला शेताकडे धावला.

तो एक ट्रॅक्टर घेऊन आला. चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी दोन्ही जीपांकडे, मग चिखलाने माखलेल्या दोघांकडे पाहिलं आणि काही न विचारता खाली उतरल्या. लॅपटॉपने धंद्याच्या सवयीने ट्रॅक्टरची पॉवर किती, असं विचारलं. सकाळी चालू करते, संध्याकाळी बंद करते, बाकी काही माहीत नाही, असं त्या म्हणाल्या. दहा मिनिटांत त्यांनी हलक्या पायाने, एकही चाक न फिरवता, दोन्ही जीपा एकामागून एक बाहेर काढल्या.

दोघे साडू त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले. एकाच माणसाचे दोघांवर सारखेच उपकार, आणि शेजारी साडू तितकाच चिखलात भरलेला. आभार मानणं इतकं सोपं असतं हे चष्मेवाल्यांना आज कळत होतं. त्यांनी मनापासून, तोंडभर आभार मानले. डॉक्टरांनीही मानले.

बाई हुक सोडवत होत्या. हुकाची खाच दिसत नसल्यामुळे त्यांनी तो हातभर लांब धरला होता, आणि डावा गाल चांगलाच सुजलेला होता.

"दाढ दुखतेय ना? अंगावर काढू नका, माझ्या साडूंना दाखवा," चष्मेवाले म्हणाले.

"जवळचं दिसत नाही ना? माझ्या साडूंना दाखवा," डॉक्टर त्याच क्षणी म्हणाले.

बाईंनी एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "म्हणजे साडू नक्की कोण?"

"दोघंही," लॅपटॉप घाईघाईने म्हणाला. "लिहून घेताना फक्त नाव लिहा."